‘कंटेंड’ हे इंग्रजी क्रियापद: ओळखायचं कसं, वापरायचं कसं

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं चालतात. खालच्या कोर्टात मराठीतून दावा, कैफियत, म्हणणं लिहिणाऱ्या ज्युनियर वकिलांना, टायपिस्टना आणि भाषांतरकारांना त्यामुळे उच्च न्यायालयाचं इंग्रजी रोज वाचावं लागतं. त्या इंग्रजीत पानोपानी भेटणारं क्रियापद म्हणजे ‘कंटेंड’. स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यांत ते असतं, इंग्रजी पेपरच्या क्रीडापानावर असतं, पुराच्या बातमीतही असतं. गंमत म्हणजे कोर्टात, क्रीडापानावर आणि पुराच्या बातमीत त्याचा अर्थ वेगवेगळा लागतो. शब्दकोशातला पहिला अर्थ पाठ करून बसलेला माणूस मग दुसऱ्या वाक्याला अडकतो.

आधी उच्चार आणि स्पेलिंग

स्पेलिंग सी, ओ, एन, टी, ई, एन, डी. आपल्याकडे सर्रास ‘कॉन्टेंड’ म्हणतात आणि जोर पहिल्या ‘कॉन’वर देतात. खरा जोर दुसऱ्या अवयवावर, ‘टेंड’वर असतो, पहिला भाग ‘कन्’ असा चटकन उरकायचा. भूतकाळी रूपात शेवटी ई-डी लागतं आणि त्याचा उच्चार ‘कन्-टेन्-डिड’ असा तीन अवयवांचा होतो.

नाम होताना मूळ शब्दातला डी गळतो आणि टी-आय-ओ-एन लागतं: कंटेन्शन. अटेंडचं अटेन्शन, इंटेंडचं इंटेन्शन होतं तसंच. एक्स्टेंडचं मात्र एस घालून एक्स्टेन्शन होतं. त्याच्या नादानं कंटेन्शनमध्ये एस घालणारे पुष्कळ आहेत. तो घालायचा नाही.

दुसऱ्या टोकाला कोण आहे?

मूळ लॅटिन क्रियापद ‘कॉन्टेन्डेरे’. त्यातल्या ‘टेन्डेरे’चा अर्थ ताणणं. एक्स्टेंड, इंटेंड, अटेंड, टेन्शन ही सगळी त्याच घरातली माणसं, आणि आपला ‘ताण’सुद्धा संस्कृत ‘तन्’मार्गे याच गोतावळ्यात येतो. रस्सीखेच डोळ्यांसमोर आणा. दोर ताणलेला राहतो तो दुसऱ्या टोकाला कोणीतरी ओढत असतं म्हणूनच. ‘कंटेंड’चं तसंच आहे. समोर कोणी नसेल, काही अडत नसेल, कोणी नाकारत नसेल तर हे क्रियापद तिथं शोभत नाही.

म्हणून वाक्य वाचताना पहिला प्रश्न विचारायचा: दुसऱ्या टोकाला कोण किंवा काय आहे? उत्तर तीन प्रकारचं निघतं. अडचण असेल तर अर्थ ‘तोंड देणं’. प्रतिस्पर्धी असेल तर ‘झुंजणं, चुरस करणं’. वेगळं मत असेल तर ‘ठामपणे म्हणणं मांडणं’. यातलं कोणतं, ते क्रियापदाला लागून येणारा शब्द सांगतो. ‘विथ’, ‘फॉर’ की ‘दॅट’, एवढं आधी पेन्सिलनं अधोरेखित करा आणि मगच भाषांतराला हात घाला.

ऑलिंपिक पदक मिळवणारे पैलवान खाशाबा जाधव यांच्यावरची तीन वाक्यं शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो.

‘खाशाबा हॅड टु कंटेंड विथ अ लॅक ऑफ मनी.’ म्हणजे खाशाबांना पैशाच्या चणचणीला तोंड द्यावं लागलं. हेलसिंकीला जायचा खर्च वर्गणीतून उभा करावा लागला होता, हा संदर्भ.

‘इन 1952 ही कंटेंडेड फॉर अ मेडल ॲट हेलसिंकी अँड वन द ब्राँझ.’ म्हणजे 1952 साली हेलसिंकीत ते पदकासाठी झुंजले आणि ब्राँझ मिळवलं.

‘मेनी कंटेंड दॅट ही डिझर्व्हड अ पद्म अवॉर्ड.’ म्हणजे त्यांना पद्म पुरस्कार मिळायला हवा होता, असं अनेकांचं ठाम म्हणणं आहे.

माणूस एक, क्रियापद एक, पण मराठीत क्रियापदं तीन आली. तिन्हींना ‘संघर्ष करणे’ लावून मोकळं होण्याचा मोह होतो. तो टाळा, तिसऱ्या वाक्यात तो शब्द लावला की वाक्याचा पार विचका होतो.

‘विथ’ आलं तर

या रचनेत बहुतेक वेळा आधी ‘हॅव टु’ किंवा ‘हॅड टु’ असतं, कारण अडचण कोणी हौसेनं ओढवून घेत नाही. ‘एव्हरी मॉन्सून, चिखली अँड आंबेवाडी हॅव टु कंटेंड विथ द पंचगंगा.’ दर पावसाळ्यात चिखली आणि आंबेवाडीला पंचगंगेला तोंड द्यावं लागतं. इथं ‘पंचगंगेशी वाद घालावा लागतो’ असं लिहिणारा विनोदी नसून घाईत असतो.

अडचण वाक्यात आधी आली की ‘विथ’ शेवटी लोंबकळत राहतं, आणि नवशिके ते हमखास गाळतात. ‘वन्स द रिव्हर क्रॉसेस 43 फीट ॲट राजाराम वेअर, द व्हिलेजेस हॅव अ फ्लड टु कंटेंड विथ.’ राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी धरतात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. वाक्यातलं शेवटचं ‘विथ’ मात्र सांगायलाच हवं. ते गेलं की वाक्य लंगडं होतं. मराठीत ‘तोंड द्यायला’ म्हणताना शेवटी काही उरत नाही, म्हणून इंग्रजीतही आपला हात तिथंच थांबतो.

‘कोप विथ’ हे याचं भावंड, पण स्वभाव वेगळा. ‘कोप’मध्ये निभावून नेल्याचा भाव आहे. ‘कंटेंड विथ’ फक्त समोर काय उभं ठाकलं ते सांगतं. निभावलं की नाही, ते पुढचं वाक्य सांगेल. ‘डील विथ’ त्याहून साधं, म्हणजे प्रश्न हाताळणं. बोलताना ‘डील विथ’ पुरतं. अडचण मोठी आणि चिवट असेल तेव्हाच ‘कंटेंड’ बाहेर काढा. दुचाकी पंक्चर झाली म्हणून ‘आय हॅड टु कंटेंड विथ अ पंक्चर’ म्हटलं तर ऐकणारा हसेल.

‘फॉर’ आलं तर

‘फॉर’च्या पुढे बक्षीस येतं: किताब, पद, जागा, सत्ता. ‘टू तालीम टीम्स कंटेंडेड फॉर द ट्रॉफी ॲट शाहू स्टेडियम.’ शाहू स्टेडियमवर ट्रॉफीसाठी दोन तालमींच्या संघांत चुरस झाली. कोल्हापुरात तालमीचा संघ फुटबॉल खेळतो, हे परगावच्या वाचकासाठी लिहीत असाल तर एक ओळ जादा खर्च करा, नाहीतर तो खासबागेतली कुस्ती समजून बसेल. प्रतिस्पर्धीही सांगायचा असेल तर दोन्ही शब्दयोगी येतात: प्रतिस्पर्ध्याला ‘विथ’, बक्षिसाला ‘फॉर’. प्रतिस्पर्ध्यासाठी ‘अगेन्स्ट’ही चालतं. भांडणाचा विषय जमीन किंवा पाणी असेल तर ‘ओव्हर’ येतं.

इथं सगळ्यात मोठा घोळ ‘कंटेस्ट’शी होतो. निवडणूक लढवणं याला ‘कंटेस्ट’ म्हणतात, आणि ते सरळ कर्म घेतं: ‘शी कंटेस्टेड द इलेक्शन.’ ‘शी कंटेंडेड द इलेक्शन’ हे चूक. ‘कंटेंड’ला असं थेट नामाचं कर्म चालत नाही, मध्ये ‘फॉर’ किंवा ‘विथ’ लागतंच, नाहीतर ‘दॅट’नं सुरू होणारं उपवाक्य लागतं.

‘कंपीट’ म्हणजे नुसतं स्पर्धेत उतरणं. शेवटून पहिला आलेलाही ‘कंपीट’ करतो. ‘कंटेंडर’ मात्र जिंकण्याची खरी शक्यता असलेलाच, आपल्या बातम्यांतला ‘प्रबळ दावेदार’. उमेदवारी अर्ज भरला की माणूस ‘कँडिडेट’ होतो, ‘कंटेंडर’ होतो तो लोक त्याला धरून हिशेब मांडू लागल्यावर. रिॲलिटी शोमध्ये भाग घेणारा ‘कंटेस्टंट’. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका.

‘दॅट’ आलं तर

वकील, पत्रकार आणि निबंध लिहिणारे विद्यार्थी, तिघांनाही खरं काम पडतं ते इथं. ‘कंटेंड दॅट’ म्हणजे कोणीतरी नाकारेल किंवा नाकारलेलं आहे हे माहीत असून आपली बाजू ठामपणे सांगणं. आणि लिहिणारा स्वतः त्या बाजूला उभा नसतो. तो फक्त ‘यांचं म्हणणं असं’ एवढंच नोंदवतो. मराठीत याला ‘म्हणणं’ हा शब्द इतका चपखल बसतो की ‘प्रतिपादन केले’, ‘ठासून सांगितले’ असले जड शब्द बहुतेक वेळा लागतच नाहीत. आपल्या कोर्टांत अर्जावर विरुद्ध बाजूनं दाखल करायच्या उत्तराला ‘म्हणणं’ किंवा सरळ ‘से’ म्हणतात, त्यामुळे वकिलांच्या कानाला तो सवयीचाच आहे.

वाटणीच्या दाव्यातला असा एक नमुना घेऊ:

‘द अपेलंट कंटेंडेड दॅट द सूट प्रॉपर्टी वॉज ॲन्सेस्ट्रल. द रिस्पॉन्डंट, ऑन द अदर हँड, कंटेंडेड दॅट इट वॉज सेल्फ-ॲक्वायर्ड. द ट्रायल कोर्ट हेल्ड दॅट इट वॉज ॲन्सेस्ट्रल.’

मराठीत: ‘अपीलकर्त्याचे म्हणणे असे की, दावा मिळकत वडिलोपार्जित आहे. उलटपक्षी, उत्तरवादीचे म्हणणे असे की, ती स्वकष्टार्जित आहे. मिळकत वडिलोपार्जित असल्याचा निष्कर्ष खालच्या न्यायालयाने काढला.’

दोन गोष्टी बघा. इंग्रजीत ‘वॉज’ आहे, मराठीत ‘आहे’ झालं. इंग्रजी मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की उपवाक्यालाही मागे ओढतं. मराठी ओढत नाही. ‘मिळकत वडिलोपार्जित होती’ असं भाषांतर केलं तर आता ती तशी नाही असा भलताच अर्थ निघू शकतो, आणि वाटणीच्या दाव्यात तो महागात पडतो. दुसरं, तिसऱ्या वाक्यात ‘कंटेंडेड’ नाही, ‘हेल्ड’ आहे. न्यायालय कधी ‘कंटेंड’ करत नाही. न्यायालय ‘होल्ड’ करतं, ‘ऑब्झर्व्ह’ करतं, ‘डायरेक्ट’ करतं. साक्षीदार ‘डिपोज’ करतो किंवा ‘स्टेट’ करतो. ‘कंटेंड’ करतात ते पक्षकार आणि त्यांचे वकील. निकालाचा सारांश लिहिताना ‘द हायकोर्ट कंटेंडेड’ असं लिहिलंत तर न्यायाधीशांना एका पक्षकाराच्या वकिलाच्या जागी नेऊन बसवलंत.

वकील स्वतः उभा राहून बोलताना ‘आय कंटेंड’पेक्षा ‘आय सबमिट’ किंवा ‘इट इज सबमिटेड’ म्हणतो. त्यात न्यायालयापुढे नम्रपणे मांडण्याचा भाव आहे. समोरच्याचा मुद्दा सांगताना तोच वकील ‘द रिस्पॉन्डंट कंटेंड्स’ म्हणतो. तुमच्या मसुद्यात आपल्या बाजूला ‘सबमिट’ आणि विरुद्ध बाजूला ‘कंटेंड’ एवढी शिस्त पाळलीत तरी मसुदा नीट वाचला जातो. निकालपत्रात मात्र न्यायाधीश दोन्ही बाजूंना दोन्ही शब्द लावतात. तिथं कुठला पक्ष बरोबर याचा अंदाज क्रियापदावरून बांधू नका.

शेजारचे शब्दही एकदा पारखून घ्या. ‘आर्ग्यू’मध्ये कारणांची साखळी अपेक्षित असते. ‘क्लेम’मध्ये वाचकाच्या मनात थोडी शंका पेरली जाते. ‘मेन्टेन’ म्हणजे पहिल्यापासून तेच सांगत राहणं. ‘अलेज’ बातमीत आणि रोजच्या इंग्रजीत मुख्यतः गैरकृत्याच्या आरोपासाठी येतो; कोर्टाच्या कागदांत मात्र पक्षकारानं मांडलेल्या कुठल्याही तथ्याला तो लागू शकतो. ‘इन्सिस्ट’मध्ये हट्ट आहे. बातमीत तटस्थ राहायचं असेल आणि समोर खरोखर वाद असेल तर ‘कंटेंड’ बरा. वाद नसेल तर साधं ‘से’ वापरा. ‘हवामान खात्यानं कंटेंड केलं की उद्या पाऊस’ हे इंग्रजीतही तितकंच विचित्र दिसतं.

रचनेचे काही बारीक नियम. ‘दॅट’ गाळू नका. ‘से’नंतर गाळलं तर खपतं, ‘कंटेंड’नंतर वाक्य ठेचाळतं. कोणापुढे हे सांगायचं असेल तर ‘बिफोर द कोर्ट’. ‘कंटेंडेड टु द कोर्ट’ कानाला खटकतं आणि ‘कंटेंडेड द कोर्ट’ तर चूकच. पुढे ‘टु बी’ लावून ‘ही कंटेंड्स टु बी द ओनर’ असं करू नका. तिथं ‘क्लेम्स टु बी’ हवं किंवा ‘कंटेंड्स दॅट ही इज द ओनर’. कर्मणी रचना कोर्टात लाडकी आहे: ‘इट वॉज कंटेंडेड ऑन बिहाफ ऑफ द पिटिशनर दॅट’, म्हणजे ‘याचिकाकर्त्यातर्फे असे मांडण्यात आले की’.

नामं आणि ठरलेले शब्दप्रयोग

‘कंटेन्शन’ म्हणजे मांडलेला मुद्दा, म्हणणं. ‘रायव्हल कंटेन्शन्स’ म्हणजे उभय पक्षांची परस्परविरोधी म्हणणी. ‘देअर इज नो मेरिट इन द कंटेन्शन’ म्हणजे या म्हणण्यात तथ्य नाही. एवढं सोपं आहे. फसवतो तो दुसराच शब्दप्रयोग: ‘ऑल कंटेन्शन्स ऑफ द पार्टीज आर केप्ट ओपन.’ आदेशाच्या शेवटी हे वाक्य दिसलं की पक्षकार खूश होऊन विचारतो, ‘साहेब, आपले सगळे मुद्दे मान्य झाले ना?’ मान्यही झाले नाहीत आणि फेटाळलेही नाहीत. न्यायालयानं त्यांवर निर्णयच दिलेला नाही. पुढे योग्य त्या टप्प्यावर दोन्ही बाजूंना ते पुन्हा मांडता येतील. भाषांतर ‘उभय पक्षांचे सर्व मुद्दे खुले ठेवण्यात येत आहेत’ असं करा आणि पक्षकाराला ते तोंडी समजावून सांगा.

क्रीडापानावरचं ‘इन कंटेन्शन’ म्हणजे अजून शर्यतीत, ‘आउट ऑफ कंटेन्शन’ म्हणजे शर्यतीतून बाद. वाद घालत असल्याशी त्याचा संबंध नाही. ‘बोन ऑफ कंटेन्शन’ हा वाक्प्रचार दोन कुत्र्यांमधल्या हाडकावरून आला. मराठीत ‘वादाचं मूळ’ किंवा ‘कळीचा मुद्दा’. बेळगावचा सीमाप्रश्न हे आपल्या भागातलं नेहमीचं उदाहरण. त्यावर महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. औपचारिक लेखनात ‘बोन’ऐवजी ‘पॉइंट ऑफ कंटेन्शन’ लिहा, हाडूक नको.

विशेषण ‘कंटेन्शस’. विषयाला लावलं तर ‘वादग्रस्त’, माणसाला लावलं तर ‘भांडकुदळ’, म्हणून जपून. मृत्युपत्राच्या कामात याला तांत्रिक अर्थ आहे. प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून शाबित करून घेण्याच्या, अर्जाला कोणी हरकत घेतली की ते प्रकरण ‘कंटेन्शस’ होतं, आणि भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 295 प्रमाणे ते शक्य तितकं नियमित दाव्यासारखं चालवायचं असतं. तिथं ‘भांडखोर कार्यवाही’ असं भाषांतर करणारे भेटतात. ‘हरकतीचं प्रकरण’ म्हणा.

एका अक्षराची चूक

‘कंटेंडेड’ आणि ‘कंटेंटेड’. एकात डी, दुसऱ्यात टी. ‘कंटेंटेड’ म्हणजे समाधानी. आता ही दोन वाक्यं वाचा: ‘द केन फार्मर्स वेअर कंटेंटेड विथ द रेट’ आणि ‘द केन फार्मर्स कंटेंडेड विथ द रेट.’ पहिल्यात ऊस उत्पादक दरावर खूश आहेत. दुसऱ्यात त्याच दरानं त्यांच्या नाकी नऊ आणलेत. दोन्ही शब्द कोशात असल्यानं कॉम्प्युटर लाल रेघ मारत नाही. ओळखायची खूण एकच: आधी ‘वॉज’, ‘वेअर’, ‘इज’, ‘आर’ असेल आणि पुढे लगेच ‘विथ’ असेल तर बहुधा टी हवा. ‘कंटेंटमेंट’ आणि ‘कंटेन्शन’ यांचीही अशीच गल्लत होते. पहिलं समाधान, दुसरं वाद.

सराव

रिकाम्या जागी योग्य शब्द भरा. उत्तरं खाली आहेत, पण आधी कागदावर लिहा.

1. द टेनंट ____ दॅट ही हॅड पेड द रेंट. (भाडेकरूनं भाडं भरल्याचं घरमालक नाकारतो आहे.)
2. द कोर्ट ____ दॅट द नोटीस वॉज इनव्हॅलिड.
3. गुऱ्हाळ ओनर्स हॅव रायझिंग लेबर कॉस्ट्स टु कंटेंड ____.
4. शी विल ____ द म्युनिसिपल इलेक्शन.
5. थ्री रेसलर्स आर स्टिल इन ____ फॉर द टायटल.
6. ही इज ____ विथ हिज पेन्शन. (पेन्शन पुरेशी वाटते.)

उत्तरं: पहिल्यात ‘कंटेंडेड’, समोर नाकारणारा घरमालक आहे. दुसऱ्यात ‘हेल्ड’. तिसऱ्यात ‘विथ’, आणि तेच सगळ्यांत जास्त जणांचं राहून जातं. चौथ्यात ‘कंटेस्ट’, कारण पुढे थेट कर्म आहे. पाचव्यात ‘कंटेन्शन’, एस न घालता. सहाव्यात ‘कंटेंटेड’ किंवा नुसतं ‘कंटेंट’, जोर दुसऱ्या अवयवावर. जोर पहिल्यावर दिलात तर त्याच अक्षरांचा अर्थ ‘मजकूर’ होतो.